हेड्याच्या घरची मोटार

लिवा, माजं नाव नीलव्वा. माजं माहेर मैंदर्गी, अक्कलकोटाच्या म्होरं. तितं आमी घरात कानडी बोलायचो, बाजारात मराठी, आन भांडन लागलं की दोन्ही, जी आदी तोंडात यील ती. आईला आमी अव्वा म्हनायचो. अव्वाला पोरगी मी येकलीच, बाकी समदी ल्योक, म्हनून तिचा जीव माज्यावर आन मार बी माज्यावर. बोलायला लई तिखट व्हती, पर मी सासरी निघाले तवा वेशीपतूर आली आन तितनं परत जाईना, भावांनी वडून न्हेलं तिला. लगीन झालं तवा मी लहानच व्हते, कितीची ते इचारू नगा, तवा कोन मोजत व्हतं.

सोलापुरात कसब्यात दिली मला, हेड्याच्या घरात. हेडी म्हंजी बैलांचा व्यापारी, आता तुमच्या वयाच्या पोरांना ह्यो शब्द बी ठावा नसंल. हिकडनं बैल घ्यायचा, चार दिस चारायचा, धुवायचा, तिकडं इकायचा, गड्ड्याच्या जत्रंत तर आमच्या मालकाला जेवायला सवड नसायची. मालकाचं नाव घ्यायला लावू नगा, उखान्यात घेतलं तेवडं बास झालं, मी मालकच म्हनते. तर त्या घरात पाय ठिवला आन पयली नदर गेली ती भिंतीवर. भिंतभर खुट्ट्या आन खुटीखुटीला दावी नि कासरं लोंबत्यात, समदी जुनी, मळकी. मी सासूला म्हनलं, आत्याबाई, ही कशाला ठिवली, टाकून द्या की. सासू म्हनली, बाई ग, जनावर इकायचं पर दावं इकायचं न्हाय, दाव्याला घरची लक्षुमी बांधल्याली असती. घेनाऱ्यानं आपलं नवं दावं आनायचं, बैलाच्या गळ्यात बांधायचं आन न्यायचं, देनाऱ्यानं आपलं सोडून घरात ठिवायचं. कुनी मागितलं तर देऊ नये आन कुनी दिलं तर घिऊ नये. असं ते घर.

आन भाव बी तोंडानं न्हाय करायचा. उपरन्याखाली दोघांनी हात घालायचं आन बोटं धरून बोलायचं, येक बोट धरलं की येक, समदी मूठ धरली की पाच, भवती शंभर मानसं हुबी असली तरी कुनाला पत्ता लागत न्हाय. पावसाळ्यात बाजार बसला की मालक मला ते शिकवायचं, चुलीपाशी, माज्या पदराखाली हात धरून. सासू समोरनं गेली की पटकन हात सोडायचं, आन ती गेली की म्हनायचं, सांग आता मी किती म्हनलो. मी मुद्दाम चुकायची. ती बोटांची बोली शिकता शिकताच आमचा संसार रुळला म्हना.

मंग मला दिस गेलं. सातव्यात मालक मला बाळंतपनाला माहेरी घिऊन निघालं, स्वता गाडी हाकत, दुसऱ्या कुनाच्या हातात कासरा दिला न्हाय. मैंदर्गीच्या अलीकडं येक पान्याचा वडा हाय, तितं चाक दगडावर चडलं आन गाडी उलाटली. काय सांगू तुमाला. पोरगं गेलं. माजं कंबरडं मोडलं. मला सोलापुरात माघारी आनलं, कितीक म्हयनं मी खाटंवर पडून व्हते, अव्वा येऊन ऱ्हायली, पाठीला तेल लावायची आन बडबडायची, कुनाला बोलती ते कळायचं न्हाय, देवाला का मालकाला. मी उटून बसले, चार पावलं चालाया लागले, पर डागतर म्हनले बाईला बैलगाडीत बसवायचं न्हाय, जलमभर न्हाय, अजून येक हिसका बसला तर पाय जातील. झालं, माहेर तुटलं माजं.

तुमी म्हनाल रेल्वे व्हती की. व्हती, पर रेल्वे ठेशनापतूर सोडनार, म्होरं परत गाडीच. सर्विस मोटार बी व्हती, तिच्या फळीवर बसलेलं धडधाकट मानूस बी उतरताना कंबर धरून उतरायचं. अव्वानं यावं म्हनलं तर तिचं गुडगं गेलं, मागनं डोळं गेलं. मंग दर दिवाळीला भाऊ यायचा चोळी घिऊन, आन अव्वाचा निरोप सांगायचा. निरोप येकच असायचा. नीलाला म्हनावं तू यीपतूर मी मरत न्हाय, पर लई उशीर करू नगं, माज्याच्यानं थांबवत न्हाय. भाऊ हसत सांगायचा, मी हसत आयकायची, आन तो गेला की कोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं ठिवून रडायची. मालकाला ते कळायचं. पर मालक त्या वड्याबद्दल येक अक्षर कदी बोललं न्हाय, त्या दिवसापासनं मैंदर्गीची वाट बी धरली न्हाय, तिकडच्या बाजाराला जायाचं तर लांबनं वळसा घालून जायाचं. सासुरवाडीला कुनाचं लगीन असलं तरी आहेर धाडायचं, स्वता न्हाय जायाचं. त्येंच्या मनात काय व्हतं ते मला ठावं व्हतं, पर मी तरी कसं काडायचं तोंडातनं. ते पोरगं जगलं असतं तर शाळंत जायाच्या वयाचं झालं असतं, तवर आमी दोघं असंच गप ऱ्हायलो.

तर आता मोटारीचं सांगते. सोलापुरात मार्शल ला, म्हंजी गोऱ्यांचं लष्करी राज, लागला व्हता की, त्याच्या मागनं दोन-चार सालांनी. माजं औषिद ज्या डागतराचं चालू व्हतं ते ऱ्हायाला रेल्वे लायनीकडं, मानूस भला, तिकडं कोकणातल्या बाजूचा. येक दिस औषिद देता देता ते सहज म्हनले, बैलगाडी नाहीच, पण रबरी चाकांची, स्प्रिंगवाली छोटी मोटार असली आणि सावकाश चालवली तर जाता येईल बाई तुम्हाला माहेरी. ते आपलं बोलून गेले, पर मालकानं ते धरलं. दारात आल्यावर म्हनलं, मोटार घ्यायची.

समदा कसबा हसला. मोटार म्हंजी गिरनीवाल्यांची, सायबांची, हेड्यानं मोटार घ्यायची म्हंजी काय. मालक म्हनलं, नवी कोन घेतंय, वापरलेली घ्यायची, दोन येतांची, दोनदा व्यालेली गाय घेत न्हाय का आपून, तशी. चव्हाट्यावर त्येंचं ठरलं व्हतं, आमच्या गाडीची जोडी, पवळ्या आन चांद्या, अकलूजकडच्या येका बागायतदाराला द्यायची, त्या जोडीचं जे येतील त्यात जी मोटार बसंल ती, वर येक पै न्हाय आन कुनाची उसनवारी न्हाय. त्या जोडीला कैक मानसं मागून गेल्याली, मालकानं कुनाला दिली न्हवती. मी म्हनलं नगा इकू. मालक म्हनलं तू गप.

मंग मोटारी बघाया लागलं, पर बघायचं कसं ठावं हाय का, बैल बघितल्यासारखं. येका गिरनीतल्या सायबाची मोठी मोटार व्हती, अशी चकाकत व्हती की त्यात त्वांड दिसावं. मालकानं भवतीनं फेरी मारली आन माघारी आलं. का वो, म्हनलं. तर म्हनलं शिंगाला तेल लावून बाजारात आनलीय, एवडी चकाकी कशापायी आनली ती त्येची त्येला ठावं. शिवाय खायाला लई, घोटाघोटाला पेट्रोल, हत्ती सांबाळायचा न्हाय मला. दुसरी येक कंतराटदाराची, लहान, चांगली, गुनाची. पर तिच्या पाठीवर मधोमध येक पोचा व्हता. झालं, मालकाचं त्वांड उतरलं. बैलाच्या पाठीवर त्या जागी केसांचा भवरा असला तर तो बैल मालकाला खातो म्हनत्यात, घेत न्हाईत तसला. मोटारीला कुटनं आला भवरा, मी म्हनलं, कुनाची तरी धडक बसली आसंल. पर न्हाय म्हंजी न्हाय. ती मोटार मंग बार्शीकडं गेली आन लई वर्सं पळाली, आमाला कुनी ना कुनी येऊन सांगायचं, पळती बरं का अजून, आन मालक त्या दिवशी जेवताना बोलायचं न्हाय.

तेवड्यात डागतरांची बदली लागली, मुंबईकडं. त्येंची स्वताची बारकी मोटार व्हती, काळी, वर कापडाचं छप्पर, दाटीवाटीनं चार मानसं बसतील एवडी, तीत बसून ते खेड्यापाड्याला आजारी मानसं बघाया जायाचे. ती इकायची म्हनले. मालक म्हनलं, घेतो, पर पहाटं येतो बघाया, मी यायच्या आदी तिला कुनी हात लावायचा न्हाय. डागतर हसले, पहाटेच का हो. तर मालक म्हनलं, लंगडा बैल बसल्यावरनं उटताना कळतो, चार पावलं चालून आंग गरम झालं की समदे बैल चांगलेच.

मलाबी संगं न्हेलं, टांग्यानं, शेरातल्या सपाट रस्त्यानं, हळूहळू. तवा थंडीचं दिस. मालकानं जाऊन आदी मोटारीच्या नाकाडावर पंजा ठिवला, गार हाय का बघाया. मंग डागतरांचा डायवर व्हता, बाशाभाई, तो म्होरं आला. मोटारीला म्होरनं येक लोखंडी दांडा घालायचा आन गरागरा फिरवायचा, त्येला हँडल म्हनत्यात, मंग ती चालू व्हायची. बाशाभाईनं फिरवलं, ती खोकली. परत फिरवलं, लागली. मालक कान लावून आयकत बसलं, मंग म्हनलं डावीकडं वळीव, उजवीकडं वळीव, माघारी घे, थांबीव, परत चालीव. बाशाभाई बी लई सरळ मानूस, आपून व्हऊन म्हनला, देखो मालक, छुपाके रखना नै, बैटरी पे चालू हुनेका बंद पड्या, डावा दिवा नै जलता, पन इंजन मेरे हातका है, कित्ते गाव फिर्या, रस्ते में कबी नै छोडी मेरेकू. मालक माज्याकडं बघून म्हनलं, जनावराची खोड जो आपल्या तोंडानं सांगतो त्याच्याकडनं घ्यावं. मला बी मोटार बरी वाटली, तिच्या आत बसून बघितलं तर गादी मऊ, पाठीला टेकाया यायचं.

आता भाव करायचा. मालकानं खांद्यावरचं उपरनं काडलं आन डागतरांच्या म्होरं धरलं. डागतर बघतच ऱ्हायले. हात घाला म्हनलं मालक. त्येनी घातला, मालकानं बोटं धरली तर डागतर गुदगुल्या झाल्यागत हसाया लागले, अहो, तोंडाने सांगा ना किती ते. मालक म्हनलं तोंडानं न्हाय व्हनार, तोंडानं केलेला भाव आमाला धार्जिन न्हाय. दोघं बी अडून बसले. आन मी मनात म्हनते, माजं माहेर आता ह्या उपरन्याखाली अडकलं.

तेवड्यात डागतरीनबाई बाहीर आल्या. त्या माढ्याकडच्या, त्येंच्या वडलांची शेतीवाडी मोठी, दारात हेडी यायचे, ल्हानपनी भावांच्या संगं खेळता खेळता त्या बोटांची बोली शिकल्याल्या. म्हनल्या, अहो थांबा, मला येतं ते. पर त्येंनी परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा. मालक बी मागं सरलं. मंग त्या बाई माज्याजवळ आल्या, माज्या मांडीला मांडी लावून पायरीवर बसल्या, आपला पदर माज्या हातावर टाकला आन म्हनल्या, तुला येतं का ग. मी म्हनलं येतं की. आन काय सांगू तुमाला, दोघी बायकांनी पदराखाली मोटारीचा सौदा केला. मी मालकाकडं बघायची, मालक डोळ्यानं व्हय-न्हाय म्हनायचं, त्या डागतरांकडं बघायच्या, डागतर नुस्तं मान हालवायचे, त्येना काय कळत न्हवतं. त्या बाईंचा हात मऊ, पर धरायच्या घट, दोनदा मी सोडवून घेतला तरी परत धरला. मंग येकायेकी त्या थांबल्या, माज्या तोंडाकडं बघितलं, आन त्येनीच येक बोट सोडून दिलं. सौदा झाला. किती झाला ते मी अजून कुनाला सांगितलं न्हाय, आन तुमाला बी सांगायची न्हाय, पदराखालचं पदराखाली.

बाशाभाई आता बिननोकरीचा व्हनार व्हता, तो म्हनला मैं आतों तुमारे संगाट, त्येला बी बरं झालं आन आमाला बी. तो चालू मोटारीत बसला. हँडल काडून त्येनं पायरीवर ठिवल्यालं. डागतर आत सामान बांदाया गेले. मालकानं ते हँडल उचललं, कपाळाला लावलं, आन डागतरीनबाईंच्या म्होरं धरलं. म्हनलं, बाई, हे तुमचं दावं, तुमच्या घरची लक्षुमी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आन त्या बाई बी बैलाच्या घरच्या, त्येंच्या डोळ्यात पानीच आलं, पदर पसरून घेतलं त्येनी, आन आत न्हेऊन पेटीत ठिवलं. मी बघत व्हते की हे, पर मला बी त्यात काय चूक दिसली न्हाय, उलट मला बरं वाटलं, म्हनलं रीत पाळली.

मोटार कसब्यात आली. बायकांनी कुकू लावलं, दारात हुबी केली, बाशाभाईनं इंजन बंद केलं. सोमवारी निगायचं ठरलं, सोमवार आमच्या म्हादेवाचा. पर त्याच सांजंला भाऊ आला. त्येचं त्वांड बघूनच मी काय ते वळखलं. म्हनला अव्वानं अन्न सोडलंय, पानी तेवडं घेती, रातंदीस नाव काडती तुजं. आज का उद्या सांगता येत न्हाय.

पहाटं निगालो. मी मोटारीत बसले, मांडीवर अव्वाला लुगडं, पाठीशी उशी, बाशाभाई म्होरं गेला आन भवतीनं शोधाया लागला. हँडल किदर है. मालक म्हनलं, ते दिलं की माघारी. किसकू. डागतरीनबाईला, दावं त्येंचं. बाशाभाई खाली बसला, दोन्ही हात डोक्याला लावून. मालक, वो दावं नै जी, वो नै तो गाडी उठतीच नै. आन डागतर तर आदल्या सांजंच्या गाडीनं गेल्याले, हँडल मुंबईच्या वाटंला लागल्यालं. मालकाचं त्वांड असं झालं, मला त्येंचा राग येत व्हता, दया बी येत व्हती, आन तिकडं माजी अव्वा वाट बघत व्हती. मी कायबाय बोलले त्येना. काय बोलले ते आता आठवू वाटत न्हाय.

शेजारची हातमागावरची तेलगू मानसं आली, चौघांनी मिळून मोटार ढकलली, गल्लीच्या त्या टोकाला न्हेली आन ह्या टोकाला आनली, मोटार नुस्ती खोकायची आन गप व्हायची. पळवली पायजे अजून, बाशाभाई म्हनला. मंग मालक उटलं, कोठ्यात गेलं, आन पवळ्या-चांद्याला काडलं. जोडी इकल्याली, पैसं बी आल्यालं, पर नेनारा सोमवारी यायचा व्हता. मोटारीला सोल, जाड दोरखंड, बांदला, जोडीच्या जूला अडकवला, आन मालक स्वता म्होरं व्हऊन पळाया लागलं. बैल पळत्यात, मागनं मोटार, मोटारीत मी, उशी धरून, आन समदा कसबा दारात उबा ऱ्हाऊन बघतोय. वेशीपतूर गेलो आन येकदम मोटार दनानली. बैल असे बुजले की सोल तटकन तुटला, चांद्या येका गल्लीत आन पवळ्या त्याच्या मागं, भाऊ त्येंच्या मागं, त्येनं मागनं धरून आनली जोडी. मालक पळत येऊन मोटारीच्या पायरीवर उबं ऱ्हायलं. बाशाभाई म्हनला, अब ये मैंदर्गी तलक बंद पडना नै, बंद पडी तो वैंच ऱ्हयी.

अक्कलकोट आलं, कुटं थांबलो न्हाय. रस्ता वाईट, पर खरं सांगते, पाठीला हिसका असा बसला न्हाय. मी मोटारीच्या आवाजाकडं कान लावून बसल्याली, जरा बारीक झाला की माजा जीव घाबरा. आन मंग तो वडा आला. बाशाभाईनं हळू केली. पानी थोडंच व्हतं, पर दगडं तीच. मी डोळं झाकून घेतलं. तेवड्यात मालक खाली उतरलं, धोतर खोचलं, पान्यात शिरलं, मोटारीच्या नाकाडावर हात ठिवला आन बैलाला म्हनावं तसं म्हनाया लागलं, चल राजा, हळू, हळू, आता उजवीकडं. पायानं येकेक दगूड चाचपायचं, मंग बाशाभाईला हात करायचं, मंग परत मोटारीला थोपटायचं. इंजन ताप ताप तापल्यालं, हात भाजत असंल त्येंचा, पर काडला न्हाय. मोटार गुरगुरत त्या तीराला लागली. मालक मागंच ऱ्हायलं, पान्यात वाकून त्वांड धुवाया लागलं, किती येळ धूत व्हतं. बाशाभाई घाई करंना, तो बी तिकडं बघत बसला. मी बी रडून घेतलं तेवड्यात. एवडी वर्सं आमी जे बोललो न्हवतो ते समदं तितं झालं म्हना.

घर आलं. बाशाभाई मोटार चालूच ठिवून बसला. अव्वा म्होरल्या सोप्यात खाटंवर, येवडीशी झाल्याली. मी उंबऱ्यात पाऊल ठिवलं आन ती म्हनली, बंद्या, नीला? आलीस का म्हनत व्हती. दिसत न्हवतं तिला, पर पाऊल वळखलं. मी खाली बसले तर तिनं माजं त्वांड चाचपलं, कपाळ, नाक, कान, मंग हात पाठीवर न्हेला, मोडलं व्हतं ती जागा शोदून काडली आन तितं हात ठिवला. मंग इचारलं, कुनी आनली तुला. मी म्हनलं जावयानं तुज्या. कुटं हाय तो. मालक दाराच्या बाहीर, मान खाली घालून. आत येईनात. अव्वा म्हनली, आत बोलाव त्येला. मालक आलं, खाटंपाशी बसलं. तिनं त्येंचं बी त्वांड चाचपलं, वल्लं लागलं असंल तिच्या हाताला. म्हनली, त्या दिवशी माजी पोरगी तूच न्हाय का उचलून आनलीस दोन कोस, हातावर. ते मला येकलीला ठावं हाय. आज बी तूच आनलीस. मला तर ठावंच न्हवतं हे, मी बेशुद्द व्हते, एवडी वर्सं मला कुनी सांगितलंच न्हवतं मला कुनी उचललं ते. मालक अव्वाच्या पायावर डोकं ठिवून ल्हान पोरागत रडलं, आन अव्वा त्येना थोपटत म्हनली, बास कर आता, भूक लागलीय मला, आंबील करा.

जेवली ती माज्या हातानं. दुसऱ्या दिवशी म्हनली मला बसवा त्या गाडीत. बंद पडली व्हती आता ती, पर माहेरचे बैल व्हतेच की, त्येंनी वडून चालू केली, आन हसाया समदं गाव व्हतं. तिला मांडीवर घिऊन मी बसले, म्हादेवाच्या देवळापतूर जाऊन आलो. अव्वानं हात बाहीर काडला, वाऱ्यात धरून बसली. बैलाचं घुंगरू का वाजंना ग, म्हनली. मी म्हनलं ह्येला बैल न्हाईत अव्वा. तर म्हनली, मंग ह्यो थोपटत कुनाला व्हता वड्यात, बाशाभाई सांगत व्हता की. त्या पावसाळ्यापतूर ऱ्हायली अव्वा. आमी दर म्हयन्याला जायचो, हँडल नवं घडवून घेतलं लोहाराकडनं. गेली ती माज्याच मांडीवर, सकाळी, बोलता बोलता.

मालकाला जाऊन बी आता लई सालं झाली. मोटार कवाच मोडीत गेली, बाशाभाई शेवटपतूर आमच्याकडंच व्हता. मागनं देवानं येक ल्योक दिला, त्येचं पोरगं, माजा नातू, आता म्हनतो आज्जी, जुनीच पर भरवशाची येक बारकी गाडी बघितलीय, घिऊ का, पहाटं जाऊन बघतो मी. बघ म्हनलं बाबा. तो म्हनतो रस्ता डांबरी झालाय, तासात न्हेतो तुला मैंदर्गीला. पर मी न्हाय म्हनते. भाऊ गेले, घर भावांच्या नातवांचं, चांगली हायत पोरं, च्या देतील, पाया पडतील. पर माजं त्वांड चाचपून बघनारं तितं आता कोन हाय. मोटार चांगली व्हती, न्हाय म्हनत न्हाय, पर माजी अव्वा थांबली म्हनून मी पोचले, त्यात मोटारीचं काय. तुमची हाय न्हवं आई. कुटं असती. माढ्याला म्हनता, मंग लांब न्हाय की. आन कवा गेला व्हता शेवटचं. बघा, सांगाया येळ लागतोय तुमाला. तुमचं लिवायचं झालं असंल तर उटा आता, उद्याच्या पयल्या एस्टीनं जावा, देव तुमाला सुखी ठिवू दे. आन तिनं इचारलं, असा अचानक कसा रं आलास, तर म्हनावं, सोलापुरातल्या येका म्हातारीनं धाडलंय.